इंगळे मॅडमची जीभ

इंगळे मॅडम कुत्र्याला घाबरत, पालीला घाबरत, मागून मोटारसायकल आली की रस्ता सोडून थेट नालीच्या काठावर उभ्या राहत. मुख्याध्यापकांनी नुसती हाक मारली तरी हातातला खडू पडे. आणि अशी बाई आमच्या शाळेत शिकवायला आली ते काय, तर इंग्रजीचा भविष्यकाळ. तशा त्या धडे, कविता, पत्रलेखन सगळंच शिकवीत. पण गावाच्या लक्षात राहिला तो भविष्यकाळ, आणि त्यांच्या जिवावर आला तोही तोच.

परवा नातीनं विचारलं, "आजी, विल आणि गोइंग टू यांत फरक काय गं?" मी मेथी निवडता निवडता, मान वर न करता तिला उदाहरणासह सांगितलं. सुनेची पोळी तव्यावर करपली. सासूला इंग्रजी येतं हे तिला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. कुणी शिकवलं म्हणाली, तर मी म्हटलं, पत्र्यानं. खोटं नव्हतं ते.

मालेगावहून वाशीमकडे जाताना रस्त्यालगत आमचं गाव. शाळेत दोन वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती, पत्रा होता. अलीकडे मी मराठी शिकवायची, पलीकडे इंगळे मॅडम इंग्रजी. ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते आणि दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला की माणूस विद्वान दिसतो अशा समजुतीत वावरत होते. इंग्रजीला मी परक्यांची भाषा म्हणून नाकं मुरडायची. खरी गोष्ट एवढीच, की दहावीला इंग्रजीनं मला दोनदा घरी पाठवलं होतं आणि त्या भाषेतला कागद समोर आला की अजूनही मी चष्मा सापडत नसल्याचं सोंग करायची. म्हणून मुलांना निबंध लिहायला लावायचा आणि स्वतः पत्र्याला कान लावून बसायचं, हा माझा उद्योग.

आमच्या गावची निम्मी घरं माळव्याची. वांगी, मेथी, सांभार म्हणजे आमची कोथिंबीर, असा माल काढायचा आणि पहाटे ऑटोत टाकून बाजारात न्यायचा. मॅडमनी व्याकरण त्याच ऑटोत बसवलं. त्या सांगायच्या, "बाप संध्याकाळी म्हणतो, उद्या सांभार काढायचा. पोतं धुऊन ठेवलं, ऑटोवाल्याला सांगून ठेवलं. हे ठरलेलं आहे, इथं गोइंग टू. तेवढ्यात फोन येतो, मेथीचा भाव चढला. बाप म्हणतो, थांब, मेथीपण काढतो. हे आत्ता मनात आलं, इथं विल. उद्या सहा वाजता तुम्ही दात घासत असाल तेव्हा बाप हर्राशीत उभा असेल, विल बी स्टँडिंग. आणि तुम्ही प्रार्थनेच्या रांगेत याल तोवर माल विकून झालेला असेल, विल हॅव सोल्ड."

बोली लावणाऱ्यांच्या गर्दीत उभा राहणारा बाप पोरांनी रोज पाहिलेला. त्यामुळे पोरांना ते असं समजलं की मलाही समजलं. मी घरी भाकरी थापता थापता सराव करायची. एकदा ह्यांना म्हटलं, आय विल हॅव ईटन. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, पित्त झालं का?

पण आमच्या मुलांची एक खोड होती. उद्याचं काहीही विचारा, उत्तर एकच: पाहू. उद्या शाळेत येशील? पाहू. वही आणशील? पाहू ना मॅडम. ही खोड मुलांची नव्हतीच, मुलुखाची होती. आमच्याकडे निघताना कुणी जातो म्हणत नाही. शेतातलं पीक घरात येईपर्यंत आपलं म्हणत नाहीत. पोटुशी बाईचा महिना कुणी मोजून सांगत नाही. उद्याचं उघड बोललं की ते नासतं, असं आमच्या रक्तातच. मॅडमनी पहिल्याच महिन्यात वर्गात 'पाहू' या शब्दाला बंदी घातली. रोज तासाच्या सुरुवातीला प्रत्येकानं उठून उद्याचं एक वाक्य इंग्रजीत बोलायचं. दुसऱ्या दिवशी त्याचा हिशेब द्यायचा. झालं का? नाही झालं तर का नाही?

"उद्याला घाबरायचं नाही. त्याला वाक्यात बसवायचं. वाक्यात बसला की तो आपल्या घरचा," असं त्या म्हणत. मी पत्र्याआड बसून हसायची, कारण ही बाई संध्याकाळी माझ्यासमोरच्या खोलीला कुलूप लावताना ते तीनदा ओढून पाही, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाई आणि चौथ्यांदा ओढायला परत येई. रात्री दाराच्या आतून ट्रंक लावून ठेवी. कामरगावकडच्या होत्या, चाळिशीच्या, लग्न केलेलं नव्हतं. का नाही, ते मी अकरा वेगवेगळ्या पद्धतींनी विचारलं आणि अकराही वेळा त्यांनी माझ्यापुढे गूळ-फुटाण्याची वाटी सरकवली.

त्या स्वतःचंही वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत. उद्या मी छत्री दुरुस्त करीन. उद्या मी आईला पत्र टाकीन. दुसऱ्या दिवशी त्यावर बरोबरची खूण किंवा फुली, आणि फुली असली तर पोरांसमोर कारण. आमच्या मुख्याध्यापकांची उद्याची वाक्यं आभाळाएवढी असत. मॅडमची बादलीएवढी, पण भरलेली.

पोरांना या खेळाची गोडी लागली. सातवीतल्या एका पोरीनं उठून सांगितलं, टुमारो आय विल पुल पूजा'ज हेअर. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच तिनं पूजाची वेणी धरून ओढली. रडारड झाली. कारण विचारलं तर म्हणे, मंग खोटं कसं बोलू मॅडम. मॅडम घाबरल्याच. मग विचार करून त्यांनी पूजाला उभं केलं, आता तुझं वाक्य सांग म्हणाल्या. पूजा हुंदके देत म्हणाली, टुमारो आय विल नॉट गिव्ह हर बोरं. वाक्य दुरुस्त झालं, बोरांचा बहिष्कार दोन दिवस टिकला.

एकदा एक आई शाळेत आली. ओरडली नाही की भांडली नाही. दाराशी उभी राहून म्हणाली, "मॅडम, लेकराच्या तोंडून उद्याचं वदवू नोका. आयकनारं आयकते." आणि निघून गेली. मॅडमनी तो तास पुरा केला, पण पत्र्याआडून मला कळलं की त्यांचा आवाज मधूनमधून थांबत होता.

मग नकारार्थी वाक्यं आली. सगळं तिथून सुरू झालं.

मॅडम उदाहरणात समोरच्या माणसांची नावं घालायच्या, म्हणजे पोरं जागी राहतात. त्या दिवशी आमचे शिपाई गजाननभाऊ खिडकीशी उभे होते. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, गजाननभाऊ विल नॉट रिंग द बेल टुमारो. पोरं हसली, गजाननभाऊही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा झालीच नाही. गजाननभाऊ मालेगावच्या दवाखान्यात पाय प्लास्टरमध्ये घालून पडले होते. फाट्यावर त्यांच्या मोटारसायकलला रानडुक्कर आडवं गेलं होतं.

आता माझी बहादुरी ऐका. त्या संध्याकाळी नळावर पाच बाया होत्या. मी घागर ठेवली, पदर सावरला आणि मॅडमचा तो भित्रा, बारीक आवाज हुबेहूब काढून दाखवला: गजाननभाऊ विल नॉट रिंग द बेल. बाया हसल्या. हसू आलं की माझी जीभ सैल सुटते, आजही सुटते. मी म्हटलं, "बाई गं, इंगळे मॅडमची जीभ काळी दिसते. बोलली की झालंच."

काळ्या जिभेचं माणूस म्हणजे ज्यानं वाईट बोललं की ते खरं होतं. हे मी, मराठीची एम.ए., रसग्रहण शिकवणारी, विनोद म्हणून बोलले. नळाला पाणी चाळीस मिनिटं येतं. माझा विनोद गावभर फिरायला तेवढा वेळही लागला नाही.

आठवड्यानं पूजानं वर्गात वाक्य केलं, आमची शेळी उद्या दूध देणार नाही. मॅडमनी नुसतं गिव्ह आणि गिव्ह्ज एवढं दुरुस्त केलं. तिसऱ्या दिवशी शेळी मेली. शेळीनं युरियाच्या पोत्यात तोंड घातलं होतं, हे पूजाच्या बापानं स्वतः पाहिलं होतं. पण युरियाला जीभ नसते. मॅडमला होती.

गावात भीती कशी शिरते, ते मी त्या दिवसांत पाहिलं. तिचा आवाज होत नाही. आधी दूधवाला मॅडमच्या खोलीपुढे थांबेनासा झाला. मग त्यांच्या दारात कुणीतरी लिंबू चिरून, कुंकू लावून ठेवू लागलं. मॅडम रस्त्यानं निघाल्या की बाया लेकराचं नाव घेऊन हाक मारायचं टाळत, नुसतं "ए, इकडं ये" म्हणत. वर्गात हजेरीला पोरं नाव पुकारायच्या आतच हात वर करू लागली, जेणेकरून मॅडमच्या तोंडात नाव येऊच नये. मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून सांगितलं, वाक्यात नावं घालू नका, आणि शक्यतो भूतकाळावर भर द्या.

एका संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "ताई, मला पाहून लोक थुंकतात का हो?"

मी म्हटलं, छे हो, तंबाखू खातात मेले. मीच पहिली बोलले होते, हे तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. पण मी त्यांच्या वाटीतले फुटाणे खात बसले.

दहावीत कोमल नावाची मुलगी होती. ज्ञानेश्वर म्हणून एक माळवं करणारा, त्याची एकुलती एक. वर्गात ती एकटीच अजून उद्याची वाक्यं बोलायची. तिला या सगळ्याचा राग होता. शुक्रवारी तिनं भर वर्गात उठून सांगितलं, मॅडम, तुमी माझं नाव घ्या. मी नाई भेत. मॅडम नको नको म्हणत राहिल्या. ती बसेना. शेवटी तिनंच खडू घेतला आणि स्वतःच्या अक्षरात फळ्यावर लिहिलं, कोमल विल नॉट कम टू स्कूल ऑन मंडे. मग मॅडमकडे वळून म्हणाली, आता तुम्ही मोठ्यानं वाचा, सोमवारी मी येऊन दाखवते, मग सगळ्यांची तोंडं बंद होतील. मॅडमनी वाचलं. मी पत्र्याआडून ऐकलं. इतकं हळू वाचलं की शेवटचा शब्द मला ऐकूच आला नाही.

सोमवारी कोमलला ताप होता.

मंगळवारी ताप, बुधवारी ताप. गावातल्या डॉक्टरानं रक्त तपासलं आणि ज्ञानेश्वरला स्पष्ट सांगितलं की हा डासांचा ताप आहे, रक्तातल्या पेशी कमी होऊन राह्यल्या, आजच्या आज वाशीमला न्या. पण ज्ञानेश्वरच्या आईनं दाराच्या चौकटीत बसकण मारली. तिचं म्हणणं, जिभेनं लागलेलं दवाखान्यात उतरत नाही. आधी त्या बाईच्या चुळीचं पाणी पोरीवरून उतरवायचं, बाईनं बोललेलं मागं घ्यायचं, मग न्यायचं तिकडं न्या. भगतानंही तेच सांगितलं. त्यात गुरुवार उजाडला.

गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर तीस-चाळीस माणसं शाळेच्या फाटकाशी आली. मुख्याध्यापक कार्यालयात गेले आणि आतून कडी लावली. शिक्षकांपैकी कुणाला अचानक प्रयोगशाळा आठवली, कुणाला मैदान. आणि तुमची ही मराठीची विदुषी पाण्याच्या टाकीमागे उकिडवी बसून, फुटक्या तोटीकडे फार काळजीनं पाहत होती.

मॅडम एकट्या बाहेर आल्या. हातात खडू होता, ठेवायचा राहून गेलेला. मला वाटलं, ही आता पडणार. ज्ञानेश्वर पुढे होता. त्याच्या डोळ्यांना तीन दिवसांची झोप नव्हती. त्यानं हात जोडले, शिवी दिली नाही. ते जास्त भयंकर होतं.

मॅडमनी विचारलं, "कोमल कुठं आहे?"

"घरी हाये."

"अजून घरी?"

त्या चालू लागल्या. माणसं दोन्ही बाजूंना सरली, कुणीही त्यांच्या फार जवळ येईना. मीही टाकीमागून निघून शेपटासारखी मागे लागले. धैर्य वगैरे काही नाही. एकटीनं तिथं मागं राहायची भीती जास्त होती. वाटेत चार कुत्री अंगावर आली. मॅडमचं लक्षही गेलं नाही, आणि ते पाहून मला उलट धडकी भरली.

घरात कोमल खाटेवर होती. ओठ सुकलेले, हिरड्यांतून रक्त. डोळे उघडायची आणि मिटायची. तिची आजी पितळी तांब्या घेऊन पुढे झाली. म्हणाली, "भरा चूळ. अन् म्हना का मी बोलली ते वापस घेतलं."

मॅडमनी तांब्या घेतला. खिडकीत ठेवला. मला वाटलं, आता त्या डेंग्यू, डास, पेशी असं सगळं समजावून सांगणार, आणि माणसं त्यांना फाडणार. त्यांच्या तोंडून आवाज निघाला तो मी पत्र्याआडून कधीच ऐकला नव्हता.

"तुम्ही म्हणता माझी जीभ काळी आहे. बरं. आहे. मी बोलते ते होतं. मग आता ऐका." त्या प्रत्येक वाक्यानंतर थांबत होत्या, श्रुतलेखन घालताना थांबतात तसं. "ज्ञानेश्वरभाऊ आत्ता पोरीला उचलून दारातल्या जीपमध्ये घालतील. तासाभरात ती वाशीमच्या मोठ्या दवाखान्यात असेल. तिथं तिला सलाईन लावतील. ती जगेल. दिवाळीला या अंगणात रांगोळी काढेल. मार्चमध्ये माझा पेपर लिहील."

म्हातारी तांब्याकडे पाहत होती.

"आणि आजी, जीप निघाली नाही तर काय होईल, तेही बोलू?"

म्हातारीनं धावत येऊन स्वतःचा हात मॅडमच्या तोंडावर ठेवला. "नोको माय. नोको बोलू. ने रे ज्ञाना, ने तिले."

जीप निघाली. कोमलचा काका जाता जाता मॅडमपाशी थांबला आणि म्हणाला, "पोरीले काही झालं त मंग..." वाक्य त्यानं पुरं केलं नाही.

त्या रात्री मॅडमना मी आमच्या घरी आणलं. कौतुक करू नका. माझ्या मोठ्या मुलाची त्याच आठवड्यात नोकरीची मुलाखत होती, आणि मॅडम घरात असेपर्यंत मी त्याचं नाव उच्चारलं नाही. ह्यांनी जेवताना "आपला सुधीर" एवढं म्हटलं तर मी पायानं त्यांचा पाय दाबला. मॅडमनी ते पाहिलं. ताटातला पानगा, गोवऱ्यांवर भाजलेला कणकेचा गोळा, उचलून डाव्या बाजूला ठेवला आणि वरण-भात खाल्ला.

चार दिवस त्या आमच्या मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसून होत्या. दारावर थाप पडली की दोघीही उठायचो आणि दोघीही दार उघडायचो नाही. एकदा नुसता पेपरवाला होता. ह्यांनी बाजारातून बातमी आणली, काका गावात परत आलाय आणि पारावर बसून असतो. दुसऱ्या दिवशी कळलं, पोरीला रक्त चढवलं. तिसऱ्या दिवशी काहीच कळलं नाही, आणि तो दिवस सगळ्यांत लांब होता. त्या दिवशी दुपारी मॅडम म्हणाल्या, "ताई, मी रोज पोरांना सांगते, आपल्या हातात आहे तेवढंच उद्याचं बोला. छत्रीचं बोला, पत्राचं बोला. आणि मी रांगोळीपर्यंत गेले. मला काय माहीत होतं? मला काहीही माहीत नव्हतं."

मी म्हटलं, तुम्ही बोलला नसता तर जीप निघाली नसती.

"ते आहे," त्या म्हणाल्या. "पण ती गेली, तर ती माझ्या बोलण्यानं गेली असं हे म्हणतील. आणि मीसुद्धा म्हणेन. बघा ना, आता मलाच भीती वाटते माझ्या जिभेची."

चौथ्या दिवशी सकाळी ज्ञानेश्वरचा फोन माझ्या मोबाईलवर आला. पोरगी खिचडी मांगून राह्यली, एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. मॅडमना सांगितलं तर त्या न्हाणीत गेल्या आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत बसल्या.

दिवाळीला कोमलनं रांगोळी काढली. बसवत नव्हतं, भिंतीला धरून काढली, कमळाची एक पाकळी वाकडी आली. ती पाहायला अर्धं गाव लोटलं. आणि त्या दिवसापासून मॅडमच्या मागे जे लागलं ते लिंबापेक्षा वाईट होतं.

सकाळी त्यांनी दार उघडलं की ओट्यावर माणसं बसलेली. हातात नारळ, ओटीचे तांदूळ, पोराचा फोटो. मॅडम, पोराले पोलिसात नोकरी लागंन असं म्हना. मॅडम, सुनेले पोरगा होईन म्हना. मॅडम, विहिरीले पानी लागंन म्हना. एक बाई तर त्यांच्या पायाखालची माती पदरात बांधून घेऊन गेली. दूधवाला आता दोन वेळा थांबे आणि पैसे घेईना. मॅडम मला म्हणाल्या, आधी बरं होतं हो ताई, आधी निदान लांब उभे राहायचे.

त्यांनी उद्याचं बोलणंच सोडलं. वर्गातला रोजचा खेळ बंद झाला. भविष्यकाळ त्या गाइडमधून वाचून दाखवू लागल्या, त्यातली ती राम आणि जॉन यांची वाक्यं, ज्यांना कुणी ओळखत नाही. फळ्याचा कोपरा कोरा राहू लागला. पोरांनी विचारलं, मॅडम, उद्या शाळा आहे का, तर त्या सूचनाफलकाकडे बोट दाखवीत. आठवड्याभरात माझ्या पत्र्याआडून पुन्हा ऐकू यायला लागलं: पाहू, पाहू ना मॅडम.

एकट्या कोमलनं त्यांना सोडलं नाही. शाळा सुटल्यावर त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. मी वह्या तपासत तिथंच होते. ती म्हणाली, "मॅडम, मी औषधानं बरी झाली. तुमच्या बोलन्यानं नाई. हे त्याईले सांगत काहून नाई तुमी?"

मॅडमनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "सांगीन की. पण मग पुढच्या वेळी तुझ्या आजीनं चौकटीत बसकण मारली, तर तिला उठवेल कोण?"

कोमल दप्तर उचलून निघाली.

मार्चमध्ये कोमलनं इंग्रजीचा पेपर लिहिला. एप्रिलमध्ये मॅडमनी आपल्या भागातल्या एका शाळेत जागा मिळवली. गावानं निरोपाला वाजंत्री आणायचं ठरवलं होतं, ते त्यांनी हात जोडून थांबवलं. तरी बसथांब्यावर पन्नासेक माणसं होती. बाया पुढे घुसून लेकरं त्यांच्या तोंडापुढे धरत होत्या, जाता जाता एक शब्द तरी टाका म्हणत होत्या. मॅडम ओठ घट्ट मिटून सगळ्यांना नुसता नमस्कार करीत होत्या. त्यांची ट्रंक मी वर चढवली. त्या खिडकीशी बसल्या, मी खाली उभी राहिले. मनात मी ठरवून आले होते, आज सांगायचंच. नळावर पहिलं मीच बोलले होते.

कंडक्टरनं घंटी मारली. मॅडमनी खिडकीतून वाकून माझा हात धरला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी कुणाला उद्याचं विचारलं.

"ताई, तुम्ही सांगा ना. तिथं माझं कसं होईल?"

चांगलं होईल, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. सगळ्या पुस्तकांतलं सगळ्यांत सोपं वाक्य, आणि मी ते दोन्ही भाषांत बोलू शकत होते. मी तोंड उघडलं, आणि मला माझ्याच जिभेची अशी भीती वाटली की ती टाळूला चिकटून बसली. मी नळावर बोलले होते, आणि ते झालं होतं.

मॅडमनी थोडी वाट पाहिली. मग माझा हात हळूच सोडला आणि सरळ समोर पाहत बसल्या. बस फाट्यावरून वळेपर्यंत माझं तोंड उघडंच होतं.